परवाना कोणाच्या नावाचा?

दौंड तालुक्यातील पाटस हे गाव वाटेवरचे आहे. १८५८ साली पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग पडला तो याच शिवारातून. पुणे-सोलापूर हमरस्ता गावाला लागून जातो. आणि दरसाल आषाढीच्या आधी तुकोबारायांची पालखी पाटसवरून रोटी घाट चढून बारामतीकडे निघते. ज्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या माणसांचे जाणेयेणे पाहिले आहे, त्याला कोणी परमुलखी निघाला एवढ्यावरून हुरळण्याचे अथवा हळहळण्याचे प्रयोजन नाही. अलीकडे मात्र येथल्या तरुणांच्या, आणि त्याहूनही अधिक त्यांच्या आईबापांच्या, बोलण्यात जाण्यापेक्षा जाण्याच्या कागदाचीच चर्चा अधिक असते: कोणत्या देशाचा व्हिसा निघतो, किती दिवसांत निघतो, आणि त्यापायी घरातले काय मोडावे लागते.

या प्रश्नावर एकाच घरातील दोन माणसांचे झालेले बोलणे मी समोर बसून ऐकले. अण्णा दौंडच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांची उभी हयात फेरफार, वारसनोंदी आणि बोजे यांच्या दप्तरात गेली, आणि कोणताही कागद हाती आला की तो आधी उलटा करून मागची बाजू वाचण्याची त्यांची सवय अद्याप सुटलेली नाही. त्यांची पुतणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाची शिल्पनिदेशिका आहे. बोलण्याला निमित्त तिच्या धाकट्या भावाचे. त्याने दोन वर्षांचा वीजतंत्रीचाच अभ्यासक्रम पुरा केला असून कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तो एका कंत्राटदाराकडे काम करतो. पुण्याच्या एका एजंटाने त्याला दोन महिन्यांत युरोपचा ‘वर्क व्हिसा’ काढून देण्याचा शब्द दिला होता, मोबदला सात लाख रुपये. आणि ती रक्कम कालव्याच्या पाण्याखालच्या एका एकरावर उभी करावी, असे घरात घाटत होते.

अण्णांनी प्रथम सातबाराचा उतारा पुढ्यात ठेवला. “हा इतर हक्कांचा रकाना बघ. यात सोसायटीचा इकरार आहे. तो पीककर्जाचा, दरसाल फिटतो आणि दरसाल नवा होतो, त्याची मला धास्ती नाही. पण व्हिसासाठी सात लाख कोणती सोसायटी देणार? ते सावकाराकडूनच येणार, आणि सावकार गहाणखत मागत नाही, तो सरळ खरेदीखत मागतो. पैसे फेडलेत की उलटखरेदी करून देऊ, ही झाली तोंडी बोली. दुय्यम निबंधकाकडे खत नोंदले गेले की फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत उलटते, मंडल अधिकारी सही करतो, आणि ती तोंडी बोली मात्र कोणत्याच रकान्यात लिहिलेली नसते. असे फेरफार माझ्या हातून गेलेले आहेत. कायद्याने त्यात माझी चूक काही नव्हती. पण त्या खातेदारांचे चेहरे मला अजून आठवतात.”

“बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मागता येते, अण्णा,” पुतणी म्हणाली. “२०१४ च्या अधिनियमात तशी तरतूद आहे.”

“आहे, आणि ती चांगली आहे. परंतु ज्याने स्वतःच्या सहीने खरेदीखत करून दिले, त्याने तो व्यवहार सावकारीचा होता हे शाबीत करायचे, आणि तोवर पोरगा परदेशात नोकरी टिकवण्याच्या विवंचनेत; एवढी हिंमत किती जणांत उरते?”

जमिनीला हात लावू नये, याविषयी दोघांत मतभेद नव्हताच, हे येथेच स्पष्ट झाले. भेद होता तो पुढच्या निष्कर्षात. अण्णांच्या मते अशा वाटेने जाण्यापेक्षा न जाणे बरे. पुतणीच्या मते ही एक वाट वाईट म्हणून सगळ्याच वाटा बंद समजणे हा तरुणांवर उघड अन्याय होता. ती म्हणाली, “माझ्या हाताखालून दरसाल एक तुकडी बाहेर पडते. त्यातल्या हुशार मुलालासुद्धा येथे कायम नोकरी मिळत नाही, कंत्राटदार मिळतो. आपला भीमा साखर कारखाना काही हंगाम बंद होता, मग भाडेकराराने पुन्हा सुरू झाला. त्या मधल्या वर्षांत त्याच्या भरवशावरच्या घरांनी काय केले, हे मी तुम्हाला सांगायला नको. या मुलांच्या हातात जे कसब आहे त्याची जर्मनीला आज निकड आहे. तिकडे पैसा मिळेल हे तर आहेच, पण आपले काम मानाने करता येईल ही ओढ त्यांना अधिक आहे. ती ओढ खोटी आहे काय?”

अण्णांनी ती ओढ खोटी म्हटली नाही. त्यांचे म्हणणे निराळे होते, आणि माझ्या मते या सर्व विषयाचे मर्म त्यातच आहे. ते म्हणाले, “उसाच्या हंगामात बीडकडून, नगरकडून तोडणीच्या टोळ्या आपल्याकडे येतात. मुकादमाने कोयत्याला उचल दिलेली असते, आणि ती उचल फिटेपर्यंत त्या जोडप्याला हा फड सोडून दुसऱ्या फडात जाता येत नाही. कोपीत कोणी कुलूप घातलेले नसते. हिशेबाची वहीच त्याला जागचे हलू देत नाही. बहुतेक व्हिसे मला याच जातीचे वाटतात. राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी जखडलेला. मालकाने काढले तर माणूस त्या देशातूनच निघाला. आणि मागे कर्ज असेल तर त्याला तोंड उघडण्याचीही सोय नाही. आखातातल्या कफालाची ही तऱ्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पण ब्रिटनचे काय झाले? २०२२ मध्ये त्यांनी वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांना दार उघडले, हजारो माणसे लाखो रुपये मोजून गेली, आणि पुढे अनेक मालकांचे परवाने रद्द झाले तेव्हा त्या निरपराध कामगारांना साठ दिवसांत नवा मालक शोधा, नाहीतर परत जा, असे सांगण्यात आले. २२ जुलै २०२५ पासून तर ते दार नव्या माणसांना बंदच झाले. म्हणून मी प्रथम हेच विचारतो, की परवाना कोणाच्या नावाचा आणि कर्ज कोणाच्या नावाचे? परवाना मालकाच्या आणि कर्ज आपल्या नावाचे असेल, तर मी सही करणार नाही.”

पुतणीने ही कसोटी नाकारली नाही; तीच हाती घेऊन ती एकेक देश पाहू लागली, आणि तेव्हा मला तिच्यातली निदेशिका दिसली. ब्रिटनची भारतीय तरुणांसाठी ‘यंग प्रोफेशनल्स’ योजना २०२३ मध्ये सुरू झाली. १८ ते ३० वर्षे वय, वर्षाला ३,००० जागा, सोडतीने निवड, दोन वर्षांचा मुक्काम, आणि मालकाच्या हमीची गरज नाही. पण तिला पदवी लागते आणि स्वतःची २,५३० पौंडांची शिल्लक दाखवावी लागते, म्हणून ती या मुलाच्या उपयोगाची नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून काम आणि पर्यटन एकत्र करू देणाऱ्या व्हिसाच्या १,००० जागा भारतीयांना दिल्या. तेथेही सोडत, आणि पहिल्याच वर्षी अर्जांचा आकडा ४०,००० च्या पुढे गेला. अमेरिकेचे नाव तिने घेतले आणि लगेच सोडले. ज्या एच-१बी व्हिसासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये मालकावर एक लाख डॉलरचा आकार बसवला गेला, त्याचा पाटसच्या वीजतंत्र्याशी काय संबंध?

जपानपाशी मात्र ती थांबली. “तुमच्या उचलीचे उदाहरण जपानने आपल्या अनुभवाने कबूल केले आहे, अण्णा. तिथल्या तांत्रिक प्रशिक्षणार्थींना मालक बदलता येत नसे. जाच असह्य झाला की मुले पळून जात आणि बेकायदा ठरत. इतकी टीका झाली, की २०२४ मध्ये त्यांच्या संसदेने ती योजनाच मोडीत काढणारा कायदा केला. एप्रिल २०२७ पासून तिच्या जागी नवी येते आहे. २०१९ पासून सुरू असलेला कुशल कामगारांचा व्हिसा त्या मानाने बरा: भाषेची आणि कामाची परीक्षा द्यायची, मग त्याच क्षेत्रात मालक बदलता येतो. पण पहिल्या पायरीवर पाच वर्षांची मर्यादा आणि बायकामुलांना नेता येत नाही.”

“पाच वर्षे संसाराशिवाय!” एवढेच अण्णा बोलले.

मग ती जर्मनीवर आली. १ जून २०२४ पासून तेथे ‘चान्सनकार्ट’ नावाचा व्हिसा सुरू झाला आहे: नोकरी हातात नसताना वर्षभर तेथे राहून नोकरी शोधण्याची ही मुभा असून मधल्या काळात आठवड्याला वीस तास काम करता येते. अट अशी, की स्वदेशात शासनमान्य असलेले किमान दोन वर्षांचे व्यावसायिक शिक्षण किंवा पदवी हवी, जर्मनची अगदी प्राथमिक तरी परीक्षा अथवा बऱ्यापैकी इंग्रजी हवे, आणि त्यावर सहा गुण भरले पाहिजेत. “येथेच आपल्या मुलांची फसगत होते,” ती म्हणाली. “वीजतंत्री, जोडारी, तारतंत्री यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, संधाता आणि नळ कारागीर यांचा एकाच वर्षाचा. दोघांच्या हाती प्रमाणपत्र सारखेच दिसते, पण एक दारातून आत जातो आणि दुसरा बाहेर राहतो. सातवीआठवीतल्या मुलांच्या पालकांना हे कोणी सांगत नाही. आपल्या मुलाचे गुण मी मांडले आहेत: पस्तिशीच्या आतले वय, त्याचे दोन, शिक्षणानंतर त्याच कामाचा दोन वर्षांचा अनुभव, त्याचे दोन, आणि जर्मन भाषेची बी-१ परीक्षा दिली तर तिचे दोन. झाले सहा. आणि हा परवाना कोणा मालकाच्या नावचा नाही, त्याच्या स्वतःच्या नावचा आहे.”

अण्णांनी कागद उलटा केला. “आणि वर्षभराच्या खाण्याराहण्याची तजवीज?”

“दरमहा १,०९१ युरो धरून वर्षाचे १३,०९२ युरो एका बंद खात्यात आधी ठेवावे लागतात. पण ते पैसे कोणाच्या घशात जात नाहीत. दर महिन्याला त्यालाच परत मिळतात.”

“त्यालाच मिळतात हे खरे, पण आणायचे कोठून? बारातेरा लाख होतात. म्हणजे परवाना त्याच्या नावचा करण्यासाठी कर्ज सात लाखांवरून तेरा लाखांवर गेले. ज्याच्या घरी आधीच शिल्लक आहे, त्यालाच स्वातंत्र्य विकत मिळणार, असा याचा अर्थ झाला.”

अण्णांचा हा आक्षेप मला बिनतोड वाटला, आणि पुतणीनेही त्याला बगल दिली नाही. तिचे उत्तर असे, की ज्याच्याकडे पैसा नाही त्याने वेळ खर्च करावा. मार्च २०२४ पासून जर्मनीने मान्यता-भागीदारीची वाट खुली केली आहे; तीत दोन वर्षांचे शिक्षण, जर्मनची ए-२ परीक्षा आणि तेथील मालकाशी केलेला करार एवढ्यावर माणूस जातो, पगारावर काम करीत राहतो, आणि आपल्या प्रमाणपत्राला तेथील मान्यता मिळवतो. बारावी झालेल्यांसाठी ‘आउसबिल्डुंग’ आहे, म्हणजे विद्यावेतन घेऊन कारखान्यात आणि शाळेत शिकणे. तिला सहसा बी-१ लागते. “पहिली वर्षे परवाना मालकाशी जोडलेला राहील, हे मी लपवत नाही. पण मागे उचल नसेल, तर तोच करार निराळा होतो. भाषा आली म्हणजे करार वाचता येतो, तक्रार लिहिता येते, दुसरी नोकरी शोधता येते. सात लाख एजंटाला देऊन तो दोन महिन्यांत गेला, तर विमानतळावर त्याला साधे पाणीसुद्धा मागता यायचे नाही. दौंड-पुणे डेमूने त्याने रोज जावे, पुण्यात जर्मनचा वर्ग करावा, मॅक्समुल्लर भवनात परीक्षा द्यावी. वर्ष-दीड वर्ष जाईल, जाऊ दे.”

येथे अण्णांनी महाराष्ट्र शासनाचा विषय काढला. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्याशी करार केला. १०,००० कुशल मनुष्यबळ पाठवायचे, परिचारिका, वीजतंत्री, चालक यांसारख्या व्यवसायांतले, आणि भाषेचे शिक्षण शासनाने द्यायचे, असे त्याचे स्वरूप. अण्णांचा प्रश्न साधा होता: ही सरकारी वाट असताना एजंट हवा कशाला? पुतणी म्हणाली, “वाट योग्य आहे, अण्णा, पण करार झाला म्हणजे विमान सुटले असे नव्हे. भाषा वर्षभराने येते, मान्यतेचे कागद महिनोन्‌महिने फिरतात, आणि तेवढा धीर नसलेली मुले त्या मधल्या काळातच एजंटाच्या हाती सापडतात.”

या ठिकाणी मला माझे मत नमूद करणे भाग आहे. केरळने १९९६ मध्ये अनिवासी केरळीयांसाठी शासनाचा स्वतंत्र विभाग उभा केला आणि त्यांची ‘नोर्का’ संस्था जर्मनीला परिचारिका पाठवण्याच्या शासकीय व्यवहारात स्वतः उभी राहते; आमच्याकडे इतकी तंत्रशिक्षणाची केंद्रे, इतकी जर्मन शिकवणारी पुण्यासारखी नगरी, आणि तरी तालुक्याच्या मुलाला मार्गदर्शन करायला शासनाचा एक माणूस नाही, ही गोष्ट मला लज्जास्पद वाटते. दौंडच्या कचेरीत उत्पन्नाच्या दाखल्यासाठी खिडकी आहे. परदेशी करारनामा तपासून देणारी एक असायला काय हरकत आहे?

अण्णांनी यात आणखी एक बारकावा दाखवला, जो मी कोणत्याही जाहिरातीत वाचला नव्हता. १९८३ च्या उत्प्रवासविषयक कायद्याप्रमाणे दहावी न झालेल्यांच्या पारपत्रावर तपासणीची नोंद असते. आखातासह अठरा देशांत नोकरीला जाताना त्यांना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी लागते, आणि त्या निमित्ताने करारनामा पाहिला जातो, विमा उतरवला जातो. दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत दहा लाखांचा. “आपला मुलगा दहावी झालेला. त्याच्या पारपत्रावर शिक्का नाही, याचा त्याला अभिमान वाटतो. पण शिक्का नाही म्हणजे त्याची विचारपूस करणारा अधिकारीही नाही. शिकलेल्याला आपले हित कळते, असे सरकारने गृहीत धरले. आणि म्यानमार-कंबोडियाच्या सायबर गुन्हेगारीच्या तळांवर डांबली गेलेली मुले पाहिलीस तर ती बहुतेक शिकलेलीच.”

एजंटाची विचारपूसही म्हणून आपल्यालाच करावी लागते. नोंदणीकृत भरतीदाराला सेवेबद्दल ३०,००० रुपये आणि त्यावरील कर यापेक्षा अधिक घेण्याचा अधिकार नाही; त्याचा नोंदणी क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो; आणि हाताखाली पोटएजंट नेमण्यास या कायद्यात थारा नाही. पुतणीने भावाकडून त्या सात लाखांच्या गृहस्थाला दूरध्वनी करवून नोंदणी क्रमांक विचारला होता. “क्रमांक दिल्लीच्या मुख्य कार्यालयाचा आहे, आम्ही त्यांचे काम बघतो,” असे उत्तर आले होते. अण्णांनी त्यावर काही भाष्य केले नाही. उतारा घडी करून पिशवीत ठेवला. तो सौदा तेथेच संपला.

वाद मात्र संपला नव्हता. अण्णांच्या मनात इतिहासातली एक गोष्ट होती. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून जहाजे भरभरून मराठी माणसे मॉरिशसला गेली, तीही उसासाठीच. पाच वर्षांच्या गिरमिटावर, आणि एक दिवसाच्या गैरहजेरीबद्दल दोन दिवसांची मजुरी कापली जाईल असल्या कायद्याखाली. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर ती उतरली तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. “वारसा आज झाला,” अण्णा म्हणाले, “उतरणाऱ्याला तेव्हा तो काय वाटला असेल?”

“पण त्यांचीच पणतवंडे आज तिथली नागरिक आहेत, अण्णा, तिथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते. ती माणसे गेलीच नसती तर?”

“किंमत पहिल्या पिढीने दिली. आपला मुलगा पहिल्या पिढीतला आहे, एवढे ध्यानात ठेव.”

तेव्हा पुतणीने जो प्रश्न केला त्याने संभाषणाची दिशाच पालटली. “मग हीच कसोटी कुरकुंभला लावा. फाटकाचा पास कंत्राटदाराच्या नावाचा. कंत्राटदार बदलला की याच्या भविष्य निर्वाह निधीच्या पुस्तिकेत मालकाचे नाव बदलते, आणि काम तेच, जागा तीच असूनही अनुभव पुन्हा पहिल्या दिवसापासून धरला जातो. दोन वर्षांचा अनुभव जर्मनीला दाखवायचा तर तसे पत्र देणारा मालकच नाही. घराजवळ आहे म्हणून आपण ही उचल पाहत नाही.”

अण्णांनी विचार करून उत्तर दिले: “लावतो. तिथे एक हक्क आहे. नको वाटले तर उद्या सकाळी न जाण्याचा. तेवढा हक्क परमुलखात त्याच्या हाती राहील अशी व्यवस्था कर. माझा विरोध तिथे संपतो.”

आणि त्या अनुभवाच्या कागदांचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले. निधीच्या पुस्तिकेतील नोंदी महिनावार उतरवायच्या, प्रत्येक कंत्राटदाराच्या नावापुढे त्या कारखान्यातील कामाचे स्वरूप लिहायचे, कर्मचारी राज्य विमा योजनेच्या कार्डावरील तारखा ताडून पाहायच्या, आणि मग ते टिपण घेऊन त्या कंत्राटदारांकडे पत्रांसाठी अर्ज करायचा. पत्र नाकारले तर नकार लेखी मागायचा. हे सांगताना त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा झाला होता. मुलाने ए-१ च्या वर्गात नाव घातले आहे. बी-१ झाल्यावर करार हाती असेल तरच जायचे असे अण्णा म्हणतात. पुतणी म्हणते, बंद खात्याचे पैसे कर्जाशिवाय जमत असतील तर चान्सनकार्टवर जाऊन करार तिथेच शोधावा, कारण समोर उभ्या असलेल्या माणसाला मालक करार अधिक सहज देतो. या मुद्द्यावर त्यांचे अद्याप एकमत झालेले नाही, आणि बी-१ ची परीक्षा होईपर्यंत ते होण्याची आवश्यकताही नाही.